कोणाचे पाप? किल्लारीचा प्रश्न आणि बुद्धाचे उत्तर

(किल्लारी येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



मला बोलावयास दिलेला विषय मोठा भारदस्त आहे. पश्चिमेकडील तत्त्वज्ञान आणि बौद्ध विचार यांनी एकमेकांपासून काय घेतले, आणि कोठे एकमेकांस न भेटताही दोघांनी एकच गोष्ट सांगितली, हा तो विषय. हे ऐकून एखादी माउली म्हणेल, "बाबा, आमच्या चुलीशी आणि चाड्याशी याचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. ज्या ज्ञानाचा कष्टकऱ्याच्या घराशी संबंध लागत नाही ते ज्ञान पोथीत बांधून ठेवावे. म्हणून मी आज ग्रंथापासून सुरुवात करीत नाही, तुमच्या गावच्या मातीपासून करतो.

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून लोक दमून निजलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. काही क्षणांत जे झाले ते मी तुम्हांस सांगावयास नको. 52 गावे भुईसपाट झाली आणि सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. या सभेत ज्यांचे त्या पहाटे कोणी गेले नाही असे किती जण असतील?

माती अजून उपसून झाली नव्हती तोच एक प्रश्न तोंडातोंडी झाला. हे कोणाच्या पापाचे फळ? कोणी म्हणाले देवीचा कोप, कोणी म्हणाले कलियुग, कोणी म्हणाले गावाचे पूर्वसंचित. ज्या बाईचे लेकरू मातीखालून काढले तिच्या कानावरही हे शब्द पडले. बंधूंनो, मेलेल्या लेकराच्या आईला तिचेच पाप दाखविणे याहून मोठी निर्दयता कोणती? पण बोलणारे सारे निर्दय नव्हते. त्यांस दुसरे काही शिकविलेलेच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या आपणांस एकच हिशेब पढविला गेला की, दुःख आले म्हणजे पाप असलेच पाहिजे, आणि पाप आले म्हणजे शांत करावयास भिक्षुक आलाच पाहिजे.

हाच प्रश्न तुमच्या आधी एका दूरच्या शहराने विचारला होता. पोर्तुगाल देशाची राजधानी लिस्बन. 1 नोव्हेंबर 1755, त्यांच्या सर्व संतांच्या सणाचा दिवस. सकाळची वेळ, देवळे माणसांनी भरलेली. भूकंप झाला, मागून समुद्राची लाट आली, सणाच्या दिव्यांनी आणि चुलींनी आग लागली. हजारो माणसे मेली, त्यांतली कित्येक प्रार्थना करताना मेली. तेथील धर्मगुरूही म्हणू लागले की, हा ईश्वराचा दंड आहे. मालाग्रिडा नावाच्या पाद्र्याने 1756 मध्ये तसे पुस्तकच छापले. म्हणजे भिक्षुकशाही काही एकट्या हिंदुस्थानची मिरास नव्हे. ती जेथे जाईल तेथे हीच भाषा बोलते.

पण युरोपात त्या वेळी काही माणसे उभी राहिली आणि त्यांनी उलट सवाल केला. फ्रान्सचा व्हॉल्टेर याने विचारले की, लिस्बन बुडाले, मग लंडन आणि पॅरिस येथे काय पाप नव्हते? आईच्या अंगावरच्या पोराने कोणता गुन्हा केला? जर्मनीतला कांट तेव्हा तरुण होता. त्याने 1756 मध्ये तीन लेख लिहून सांगितले की, भूकंप हे देवाचे पत्र नाही, जमिनीच्या पोटातली घडामोड आहे. त्याने दिलेले कारण पुढे चुकीचे ठरले, पण त्याने पाहिलेली दिशा बरोबर होती. आणि रूसो, जो एका घड्याळजीचा मुलगा, त्याने ऑगस्ट 1756 मध्ये व्हॉल्टेरला पत्र लिहून सर्वांत कामाची गोष्ट सांगितली. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, सहासहा सातसात मजल्यांची वीस हजार घरे एके ठिकाणी निसर्गाने बांधली नव्हती, माणसाने बांधली होती. लोक पांगून आणि हलक्या घरांत राहिले असते तर हानी फार थोडी झाली असती.

हलकी घरे! बंधूंनो, हा शब्द किल्लारीकराने मनात नीट ठेवावा. आपली माळवदी घरे आठवा. हातभर नव्हे, दोनदोन हात जाडीच्या भिंती. दगड घडीव नाहीत, सांध्यात चुना नाही, नुसता चिखल. वर माळवद, आणि त्यावर दर पावसाळ्यापूर्वी टाकलेल्या पांढऱ्या मातीचा थर. बापाने टाकली, आज्याने टाकली, कोणी कमी केली नाही. आत लाकडी खण होता, पण भिंत त्याला बांधलेली नव्हती. म्हणून पुष्कळ ठिकाणी खांब उभे राहिले आणि दगड निजलेल्या माणसांवर कोसळले. उलट गवताच्या आणि पाचटाच्या छपरांनी धक्का पुष्कळ अंशी सोसला. आता पापपुण्याचा हिशेब मांडून पाहा. थोराच्या चिरेबंदी वाड्यात पाप जास्त होते आणि मजुराच्या झोपडीत कमी, असे कोणी भिक्षुक म्हणेल काय? म्हणणार नाही. मग भूकंपाने पाप पाहिले नाही, जात पाहिली नाही. त्याने भिंत पाहिली आणि डोक्यावरचे ओझे पाहिले.

हे झाले पश्चिमेचे. आता आपल्या देशाकडे या. लिस्बनच्या आधी दोन हजारांहून अधिक वर्षे राजगृहाच्या वेळुवनात मोलिय सीवक नावाच्या एका परिव्राजकाने भगवान बुद्धास विचारले की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचे फळ होय, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, तुमचे म्हणणे काय? बुद्धाने आठ कारणे मोजून दाखविली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतूचा पालट, अयोग्य वागणूक, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्म. मग तो म्हणाला की, जे सगळ्याच दुःखास पूर्वकर्माचे नाव देतात ते लोकांच्या अनुभवाच्या पलीकडे जातात आणि चूक करतात. हा संवाद संयुत्तनिकायात आहे. अंगुत्तरनिकायात तर त्याने आणखी पुढचे सांगितले. सारे पूर्वकर्माने होते, सारे ईश्वराच्या इच्छेने होते, किंवा सारे अकारण होते, ही तिन्ही मते धरली की माणसाचा पुरुषार्थच सरतो. काय करावे आणि काय करू नये हेच उरत नाही.

मी तुमच्यापासून काही लपवीत नाही. आठांत कर्म एक आहेच, बुद्धाने ते खोडले नाही. महापरिनिब्बानसुत्तात त्याने भूकंपाचीही आठ कारणे सांगितल्याचे लिहिले आहे. त्यांतले पहिले निसर्गाचे आहे, की पृथ्वी पाण्यावर, पाणी वाऱ्यावर, वारा खवळला की पाणी हलते आणि पाणी हलले की जमीन हलते. बाकीची चमत्काराची आहेत, बुद्धाचा जन्म, ज्ञानप्राप्ती, निर्वाण वगैरे. ती आज आपण कारणे म्हणून घेत नाही, आणि पाण्यावर तरंगणारी पृथ्वीही घेत नाही. किल्लारीला नंतर जमिनीत खोल भोक पाडून शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा सुमारे 338 मीटर काळा पाषाण लागला आणि त्याखाली फार जुना खडक. हिंदुस्थानची सारी भूमी उत्तरेकडे रेटली जाते, तो ताण जुन्या भेगांत साठतो आणि एके दिवशी सुटतो, असे आजचे शास्त्र सांगते. 1992 च्या ऑक्टोबरातच येथे धक्के येऊ लागले होते. जमीन सूचना देत होती. पण बुद्धाकडून घ्यावयाचे ते त्याचे उत्तर नव्हे, त्याची विचारण्याची रीत. हे असले म्हणजे ते होते, हे नसले म्हणजे ते होत नाही. यास प्रतीत्यसमुत्पाद असे जड नाव आहे, पण गोष्ट सुताराला कळण्यासारखी आहे.

ती कशी ते मिलिंद राजाच्या गोष्टीवरून पाहा. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो वायव्येकडे सागल नगरीत राज्य करीत होता. त्याची आणि नागसेन नावाच्या भिक्षूची प्रश्नोत्तरे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. राजा रथात बसून आला होता. नागसेनाने विचारले, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाही म्हणाला. मग रथ कोठे आहे? सारे भाग एकत्र जुळले म्हणजे त्यास रथ हे नाव. माणसाचेही तसेच. आमच्या भाषेत सांगावयाचे तर गाडीचा आस काढा, गाडी चालत नाही. मग आपत्तीचाही आस काढता येतो! जमिनीचा हेलकावा आपल्या हाती नाही. पण डोक्यावरची माती, बांधणीवाचूनची भिंत, हे आपल्या हाती आहे. एक कारण काढले की फळ बदलते. 'मी' म्हणून वेगळी वस्तू सापडत नाही, अनुभवांची मोळी सापडते, असेच स्कॉटलंडच्या ह्यूमने 1739 साली लिहिले. त्याने नागसेनाचे पुस्तक वाचल्याचा पुरावा नाही. सत्य शोधणाऱ्यांच्या वाटा अशा एकमेकींस मिळतात.

त्या ग्रंथातली आणखी एक गोष्ट सांगतो. नागसेन राजास म्हणतो की, पंडितासारखा वाद करणार असशील तर करतो, राजासारखा करणार असशील तर करीत नाही. कारण पंडित हरला तर रागवत नाही, आणि राजा हरला तर दंड करतो. पाहा, एका फाटक्या चीवराच्या भिक्षूने राजाला समपातळीवर बसविले. ज्या देशात शूद्राने वेद ऐकला तर शिक्षा सांगितली गेली त्याच देशातली ही गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले. त्यास पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्या परिसरास नागसेनवन म्हणतात. मराठवाड्याच्या गोरगरिबांच्या पोरांस शिकण्यासाठी जे मोठे दार उघडले त्यावर एका ग्रीक राजाचे आणि एका भिक्षूचे नाव आहे. आपल्या विषयाचे याहून जवळचे उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

आता कोणी म्हणेल, ग्रीक आणि आपण यांचा संबंध फार दूरचा. तसे नाही. ज्या तेरणेच्या काठी तुमचे जुने गाव होते त्याच तेरणेच्या काठी वरच्या अंगास तेर आहे, गोरोबा काका कुंभारांचे तेर. त्याचे जुने नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या वहीत त्याचे नाव आहे. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरच्या तगरातून जाडेभरडे आणि तलम कापड गाड्यांत भरून भडोच बंदरास जाते, असे तो लिहितो. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच बाहुली इटलीतल्या पाँपेई शहरातही निघाली. ते कापड कोणी विणले? त्या गाड्या कोणी घडविल्या आणि हाकल्या? तुमच्या-आमच्या पूर्वजांनी. मालाबरोबर विचारही गेले-आले. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिल्याचे लेख आहेत, आणि तेथेच एका सुताराच्याही दानाचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो की, भिक्षूंच्या खर्चासाठी दोन हजार कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे ठेविली, दरमहा शेकडा एक व्याजाने. राजाच्या जावयाने पैसा विणकरांच्या विश्वासावर ठेवावा, हा तो काळ. पुढे त्याच विणकराच्या हाताला हलके ठरविले गेले. ते कोणाच्या पूर्वकर्माने?

येथे आपण मुद्द्याच्या गाभ्याशी आलो. भूकंपाचे पाप आणि जातीचे पाप ही एकाच पोथीची दोन पाने आहेत. मजूर का राबतो? पूर्वकर्म. अस्पृश्य का वेशीबाहेर? पूर्वकर्म. विधवा का दुःखी? पूर्वकर्म. गाव का पडले? पूर्वकर्म. ज्या उत्तराने सारेच प्रश्न सुटतात त्याने खरे पाहता एकही सुटत नाही. त्याने फक्त जबाबदार माणूस सुटतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हेच दाखविले की, गरिबाच्या हलाखीचा दोष त्याच्याच मागल्या जन्मावर टाकला म्हणजे राज्य आणि समाज मोकळे होतात.

या बाबतीत चांगल्या हेतूची माणसेही चुकतात. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हटला. अस्पृश्यता जावी हा त्यांचा हेतू. पण रवींद्रनाथ ठाकूरांनी जाहीर हरकत घेतली की, निसर्गाच्या घडामोडीस नीतीचा दंड समजणे अशास्त्रीय आहे. ठाकूर बरोबर होते. कारण हे हत्यार एकदा मान्य केले की ते भिक्षुकाच्याही हाती जाते. मग तोही म्हणेल, अस्पृश्याला देवळात घेतले म्हणूनच जमीन हलली.

काही विद्वान टोमणा मारतात की, तुमचे समतेचे बोलणे विलायती आहे, उसने आहे. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचा 'मानवी हक्क' हा 1791 चा ग्रंथ वाचला आणि 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, हे खरेच आहे. बाबासाहेब 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे जॉन ड्यूई या तत्त्ववेत्त्याजवळ शिकले, हेही खरे. मागून आलेले सारेच पुढच्या पिढीला द्यावयाचे नसते, ज्याने समाज सुधारेल तेवढेच द्यावयाचे, ही ड्यूईची शिकवण त्यांनी 1936 च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात ऋण मानून सांगितली. पण त्याच्याही आधी, 1907 साली मॅट्रिक झाल्यावर, कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले मराठी बुद्धचरित्र दिले होते. आधी बुद्ध, मग ड्यूई, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास पुन्हा बुद्ध. 3 ऑक्टोबर 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे मी फ्रेंच क्रांतीपासून घेतली नाहीत, माझ्या गुरूपासून, बुद्धापासून घेतली.

आणि उसनवारी एकतर्फी नाही. जर्मनीच्या शोपेनहौरने म्हातारपणी आपल्या खोलीत बुद्धाची मूर्ती ठेविली. आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी 1910 साली अमेरिकेत हार्वर्डला गेले ते तेथल्या पंडितांस पाली ग्रंथाच्या संपादनात हात देण्यास. गेले शिकवायला आणि तेथे समाजवादाचे ग्रंथ वाचून परतले. विहिरीचे पाणी उपसल्याने विहीर आटत नाही, झरा मोकळा होतो. ज्ञान झाकून ठेवणाऱ्यालाच उसने घेण्याची लाज वाटते. पेरणाऱ्याने बी कोणाच्या शेतातले हे पाहावे काय? ते उगवते की नाही हे पाहावे.

आता करावयाचे काय? लिस्बनकरांनी काय केले ते ऐका. पोंबालच्या सरकारने गावोगावच्या पाद्र्यांस प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ टिकला, किती घरे पडली, किती माणसे गेली, जमिनीस भेगा पडल्या काय? पाप विचारले नाही, हकीकत विचारली. आणि नवी घरे बांधली ती भिंतीच्या आत लाकडाचा पिंजरा घालून. म्हणजे काम सुताराने आणि गवंड्याने तारले. आपल्याकडेही भूकंपानंतर हीच विद्या आली. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड, दारांच्या वरच्या पातळीवर चारी भिंतींभोवती पट्टा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकण, माळवदावरची माती कमी. हे आता दर घराने विसरू नये. पुनर्वसनाच्या घराला खोली जोडताना, शेतात वस्ती बांधताना, पट्टा घातला काय हे गवंड्याला विचारा. गवंड्यांनो, मालकाने नको म्हटले तरी तुम्ही सांगा. घरभरणीला मुहूर्त पाहता, मग भिंत का पाहत नाही?

शेवटी एक गोष्ट सांगून पुरे करतो. किसा गोतमी नावाच्या बाईचे मूल मेले. ते उराशी घेऊन ती औषध मागत बुद्धाकडे आली. बुद्धाने तिला तिचे पाप सांगितले नाही, मागला जन्म काढला नाही, दक्षिणा मागितली नाही. तो म्हणाला, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरली. मोहरी घरोघर होती, पण असे घर एकही नव्हते. फिरता फिरता तिचे दुःख एकटीचे राहिले नाही.

1993 साली किल्लारीत ती फिरली असती तर पहिल्याच दारात तिला उत्तर मिळाले असते. तुम्ही सारे त्या मोहरीच्या वाटेने गेलेली माणसे आहा. दर 30 सप्टेंबरला तुम्ही गेलेल्यांची आठवण करता. त्या दिवशी पोरे विचारतील, आजी, गाव का पडले? तेव्हा त्यांना पाप सांगू नका. जमीन कशी हलली ते सांगा, भिंत कशी होती ते सांगा, आणि आता कशी बांधावयाची ते दाखवा. ज्या पोराला भिंतीचे खरे कारण विचारावयाची सवय लागली ते उद्या जातीचेही खरे कारण विचारील, सावकाराच्या वहीचेही विचारील. जोतीरावांना, बाबासाहेबांना आणि त्या शाक्य मुनीला याहून वेगळे काय हवे होते?